वंशावळीबाहेरची माणसं

भोसरीतल्या बहुतेक घरांत वंशावळ एकदाच लिहिली जाते, आणि ती लिहिली जाते स्टँप पेपरवर. घरातलं पोर अकरावी-बारावीला गेलं की जात पडताळणीची घाई सुरू होते. वडील रजा टाकून गावी जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा काढतात, तहसील कचेरीत जुन्या नोंदींच्या नकला मागतात, चुलत्यांकडून दाखले गोळा करतात. मग नोटरीसमोर पणजोबांपासून पोरापर्यंत रेषा ओढल्या जातात आणि खाली सही होते. प्रमाणपत्र हातात आलं की तो कागद लोखंडी कपाटात विम्याच्या पावत्यांखाली जाऊन पडतो.

त्या कागदाला मी कमी लेखत नाही. तो नसता तर आमच्या घरातल्या दोघींचं शिक्षण अडलं असतं. शिवाय त्याच्यामुळेच आम्हाला मागे वळून बघावं लागलं. जातीच्या दाखल्यासाठी कायद्याने ठरलेल्या तारखा आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपलं घर त्या तारखेला कुठे राहत होतं, हे कागदाने दाखवावं लागतं. आमच्या घराची तारीख सदुसष्टची. त्या दिवशी आमचे आबा भूम तालुक्यातल्या एका गावात होते, एवढं सिद्ध झालं आणि सरकारचं काम भागलं.

आमचं भागलं नाही, कारण त्या वंशावळीत आत्या नाही.

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. घरात लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणत. तिचा नवरा मोशीच्या खाणीत दगड फोडायला आला तेव्हा ती त्याच्याबरोबर आली, आणि आमच्या नात्यातलं या पट्ट्यात पडलेलं पहिलं पाऊल तिचं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावी विहिरींत पाणी उरलं नाही तेव्हा तिने निरोप धाडला. आबा तिच्या खोलीत उतरले. मग आजी आणि पोरं, मग आजीचा भाऊ, मग त्याची मेहुणी आणि तिचं घर. आज भोसरी, दिघी, मोशी, चिखली अशा पसरलेल्या आमच्या चौदा घरांपैकी प्रत्येकाने पहिली रात्र आत्याच्या पत्र्याच्या खोलीत काढली आहे, किंवा तिथे रात्र काढलेल्या कुणाच्या तरी खोलीत. स्टँप पेपरवर पणजोबा आहेत, आबा आहेत, त्यांचे दोन भाऊ आहेत. पैकी एक भाऊ तर कधी गावाबाहेर पडलाच नाही. ज्या बाईने सगळ्यांना इथे आणलं, तिच्यासाठी तिथे रेघ नाही.

हे पुस्तक लिहायला घेतलं ते एवढ्यासाठी. लिहिता लिहिता माझं एक मत पक्कं झालं. पोटासाठी गाव सोडणारं कुटुंब बापाच्या ओळीने येत नाही; ते बहिणीच्या, मावशीच्या, मामाच्या आधाराने येतं. म्हणून त्याचा इतिहास नुसत्या बापाच्या ओळीने लिहिला तर तो अर्धाच राहतो, आणि जो अर्धा सुटतो त्यातच भोसरीला येण्याची सगळी गोष्ट असते.

थोडं भोसरीबद्दल सांगणं भाग आहे, कारण आमची पुढची पिढी या गावाला कायमचंच असं समजते. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे शेतकऱ्यांचं गाव. शेजारी पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि या बाजूच्या जमिनींवर कारखान्यांचे प्लॉट पडले. टेल्को आणि बजाज ऑटो पिंपरी-आकुर्डीकडे आले आणि त्यांना लागणारे सुटे भाग बनवणारी लहान वर्कशॉपं भोसरीच्या जे, एस, टी, डब्ल्यू अशा ब्लॉकांत दाटली. १९७० मध्ये भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वापाच लाखांच्या आत होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. एवढी माणसं जन्माने वाढत नाहीत. ती एसटीतून उतरतात.

मूळ भोसरीकरांचाही यात इतिहास आहे आणि तो आमच्या इतिहासाला चिकटलेला आहे. त्यांची शेतं गेली, उरलेल्या तुकड्यांवर त्यांनी खोल्या बांधल्या, त्या खोल्यांत आम्ही राहिलो. घरमालकाच्या भाड्याच्या वहीत आबांचं नाव आहे, आणि ते कसं आहे ते पाहण्यासारखं आहे: आधी आत्याच्या नवऱ्याचं नाव, पुढे ‘यांचा मेहुणा’. भोसरीतल्या पहिल्या कागदावर आबांची ओळख बहिणीच्या घरावरून झाली होती.

मराठीत घराण्यांचे इतिहास लिहिण्याची परंपरा जुनी आणि मोठी आहे. विसाव्या शतकात एकामागून एक कुलवृत्तांत निघाले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं तेव्हापासून जुनी दप्तरं धुंडाळण्याला जी प्रतिष्ठा मिळाली, तिचा या कामाला आधार झाला. ज्यांनी ते कुलवृत्तांत रचले त्यांनी पत्रं धाडून, गावोगाव फिरून शाखा जुळवल्या. त्या चिकाटीपुढे मी नम्र आहे. पण त्यांच्याकडे सनदा होत्या, वतनाचे कागद होते, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्या होत्या. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी बैलावरून दारी यायचे आणि कुळाची नावं म्हणून दाखवायचे. आमच्या पणजोबांनी त्र्यंबकेश्वर पाहिलं नव्हतं. आळंदीच्या कार्तिकीला ते पायी यायचे. वारीत माळ लागते, सही लागत नाही.

कष्टकऱ्यांच्या घराचा इतिहास लिहिता येतो, हे मराठी वाचकाला दलित आत्मकथनांनी दाखवून दिलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ मध्ये आलं, आणि ते तर खेड्यातून मुंबईला आलेल्या घराच्या पिढ्यांचंच पुस्तक आहे. त्याच्या तळाशी निवृत्तीनंतर बापाने स्वतः लिहिलेल्या आठवणी आहेत. माझ्यासारख्याला मोठा आधार मिळाला तो इथून: बापाने लिहिलं तर पोराला लिहिता येतं. आमच्याकडे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. आत्याला सही येत नव्हती.

एक गोष्ट मनाला लागते. मॉरिशसमध्ये मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून तिथे उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. प्रत्येकाला क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज. पुढे पुढे फोटोसुद्धा. त्यांना माणूस म्हणून कुणी मोजलं नव्हतं, मजूर म्हणून मोजलं होतं. तरीही त्या वहीच्या जोरावर त्यांचे खापरपणतू आज आपलं मूळ गाव शोधू शकतात. आमच्या भोसरीपासून हाकेच्या अंतरावर पिंपरी कॅम्प आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले, सगळं गमावून आले. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायला त्यांच्यासाठी कायदा झाला, त्या दाव्यांची कागदपत्रं झाली. भूमहून भोसरीला येणाऱ्याची अशी नोंद कुठे व्हायची? तो देशातल्या देशात, राज्यातल्या राज्यात, एसटीचं तिकीट काढून आला. वाटेत त्याला कुणी नाव विचारलं नाही. तसं कुणी विचारू नये हेच बरोबर आहे. तो त्याचा हक्क आहे. पण त्यामुळे त्याच्या नातवाला समुद्र ओलांडून गेलेल्याच्या नातवापेक्षा जास्त धुंडाळावं लागतं.

जनगणना विचारते म्हणावं, तर तिथेही आत्या निसटते. आधीचं राहण्याचं ठिकाण सोडण्याचं कारण जनगणनेत १९८१ पासून विचारतात. बायकांच्या रकान्यात सर्वाधिक वेळा येणारं उत्तर लग्न. आत्याचंही तेच लिहिलं गेलं असणार. तिने नवऱ्याबरोबर खाणीवर खडी भरली, पुढे घरी बसून डझनावारी भावाने रबरी वॉशरांची कड कापली, चौघा भाच्यांना कामाला लावलं. कारण एकच: लग्न.

मग शोधायचं कुठे? या पुस्तकातली माहिती कोणकोणत्या कागदांतून आली ते सविस्तर सांगतो, कारण भोसरीतल्या हजारो घरांत हेच कागद आहेत आणि कुणी ते इतिहासाचे म्हणून वाचत नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर सगळ्यांना माहीत असतं. त्यातली जन्मतारीख मात्र जपून घ्यावी. आमच्या घरात आबांच्या पिढीपासून वडिलांच्या पिढीपर्यंत सात जणांचा जन्म एक जूनचा आहे. शाळेत नाव घालायला आणलेलं पोर सहा वर्षांचं बसवण्यासाठी गुरुजी एक जून टाकत. त्या तारखेवरून पोर शाळेत कधी आलं ते कळतं, जन्मलं कधी ते कळत नाही. मराठवाड्यातल्या घरांना आणखी एक अडचण. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. जुने कागद उर्दूत, आणि साल फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. पुढे जिल्ह्यांचीही मोडतोड झाली. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर वेगळा निघाला, त्यामुळे औशाकडची आमची सोयरी एका लग्नपत्रिकेत उस्मानाबाद जिल्ह्यातली आहेत आणि पुढच्या पत्रिकेत लातूरची. नातवाला वाटतं घर हललं. घर तिथेच होतं. आता उस्मानाबादचं धाराशिव झालं आहे. पुस्तकात मी ज्या सालचा कागद त्या सालचं नाव ठेवलं आहे.

२०२३ च्या हिवाळ्यात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही सगळी दप्तरं एकदम उघडली गेली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ ची नागरिक नोंदवही ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी आली. आरक्षणाच्या वादात कुणाचं काय मत असायचं ते असो; त्या निमित्ताने पोरांनी पणजोबांचं नाव पहिल्यांदा वाचलं, याचा मला आनंद झाला.

रेशनकार्डाचं महत्त्व वेगळं. गावाकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथल्या कार्डात नाव चढत नसे. या दाखल्यावर तारीख असते. घर कधी हललं याचा इतका नेमका पुरावा दुसरा नाही. आबा त्र्याहत्तरला आले, पण त्यांचं नाव गावच्या कार्डातून कमी झालं एकोणऐंशीत. मधली सहा वर्षं ते भोसरीत कामाला होते आणि सरकारदरबारी गावी जेवत होते. गाव सुटेल असं त्यांना सहा वर्षं वाटलं नव्हतं, हे मला त्या दाखल्याने सांगितलं. आबांनी कधीच सांगितलं नाही.

आणि आता ज्या कागदाने या पुस्तकाची दिशा ठरली तो.

पणजोबा वारल्यावर जमिनीला वारस लावायचे होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाच्या वाट्याची वारस झाली. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये संसदेने तिचा हक्क वडिलोपार्जित मिळकतीपर्यंत नेला. त्यामुळे वारसाच्या फेरफाराला लेकींची नावं येतातच. मग भाऊ बहिणींना घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात आणि हक्कसोडपत्र होतं. आमच्याकडचं हक्कसोडपत्र १९८७ चं आहे. त्यात आत्या आहे. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, वय अंदाजे पन्नास, धंदा घरकाम, राहणार भोसरी, तालुका हवेली, जिल्हा पुणे. आणि खाली डाव्या हाताचा अंगठा.

माझ्या आत्याचं पूर्ण नाव सरकारी कागदावर मला सापडलं ते एवढं एकाच ठिकाणी, आणि ते तिने आपला वाटा सोडला तिथे. हे वाचताना मला जे वाटलं ते मी सौम्य करून लिहिणार नाही. राग आला. आबांचा आला, त्यांच्या भावांचा आला. ज्या बहिणीने दुष्काळात सगळ्यांना पोसलं तिच्याकडून दीड एकराचा हक्क लिहून घेताना कुणाचा हात अडखळला नाही. आत्याला विचारणं आता शक्य नाही. तिच्या लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “माहेर तुटू नये म्हणून आईनं दिला अंगठा. तू त्यांना वाईट लिहू नकोस.” मी दोन्ही लिहिलं आहे.

पण शोधणाऱ्याच्या हिशोबाने हा कागद सोन्याचा आहे. ज्या ज्या घरात जमीन होती, तिथे वारसाचा फेरफार आणि हक्कसोडपत्र यांत लेकींची सासरची नावं, गावं, वयं एका जागी मिळतात. निबंधकाच्या कचेरीतल्या सूची क्रमांक दोनमध्ये त्याचा माग लागतो. भूमिहीनांच्या घरात हेही नसतं. तिथे दुसरे दोन कागद कामाला येतात.

एक लग्नपत्रिका. पत्रिकेइतकं नातं उघड करून सांगणारा कागद मराठी घरात दुसरा नाही. वधू-वराचे आईबाप, मामा, आत्या, निमंत्रक, व्यवस्थापक, आणि खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरं, म्हणजे त्या सालची सगळी लहान मुलं. पत्त्यात गावाचं मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि मग ‘ह. मु. भोसरी, पुणे ३९’. आमच्या घरात हे ‘ह. मु.’ १९७६ च्या पत्रिकेत आहे आणि २०११ च्याही. ती पत्रिका काढणाऱ्याचा जन्म भोसरीचा.

दुसरी आहेराची वही. कुणी किती दिले यापेक्षा कुठल्या गावाहून दिले ते बघावं. आमच्या वहीत शंभर-सव्वाशे नावं आहेत. त्यांतली जवळजवळ निम्मी आजीच्या माहेरच्या अंगाची. वंशावळीत आजीचं माहेर म्हणजे एक मोकळी जागा. लग्नाच्या मांडवात निम्मी माणसं तिथलीच होती.

कारखान्याचे कागद थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडे ते कमी आहेत. आबा एका फाउंड्रीत कंत्राटी होते, हजेरी कार्डाशिवाय काही मिळालं नाही. वडील कायम झाले, त्यांच्या राज्य विमा योजनेच्या अर्जात सगळ्या घराची नावं आणि वयं आहेत, आणि भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनात पहिलं नाव आईचं आहे. आईचं नाव वारस म्हणून पहिल्यांदा छापील अर्जावर आलं ते तिथे.

कागद संपतात तिथे विचारायला बसावं लागतं. विचारण्याचीही एक रीत असते आणि ती अनुभवाने येते. ‘कोणत्या साली’ असं विचारलं की म्हातारं माणूस बिचकतं, परीक्षा दिल्यासारखं बोलतं. ‘रझाकाराच्या आधी की मागून’ असं विचारलं की बरोबर सांगतं. आमच्या भागाच्या खुणा ठरलेल्या आहेत: रझाकार, बहात्तरचा दुष्काळ, इंदिरा गांधी गेल्या तो दिवस, किल्लारीचा भूकंप. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता. त्यामुळे त्या आसपासचं काहीही माणसं दिवसासकट सांगतात. पुण्याकडच्या माणसांना पानशेतचा पूर विचारावा, १२ जुलै १९६१. चाकण-खेडकडच्यांना कारखाने कधी आले ते. या खुणा एका कागदावर उभ्या लिहून ठेवल्या आणि शेजारी घरातली जन्म-मृत्यू-लग्नं बसवली, की कितीतरी सालं आपोआप हाती लागतात.

पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळं बसवून विचारावं. आबांना दुष्काळ विचारला की ते कामं मोजायचे: पाझर तलाव, नाला बांध, रस्त्याची खडी. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. आबा आणि आजी त्यांतली दोन. आजीला तोच दुष्काळ विचारला की ती कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव सांगायची, लाल मिलोच्या भाकरीला चिरा कशा पडायच्या ते सांगायची, आणि एक गोष्ट दर वेळी सांगायची: मुकादमाच्या हजेरीपटावर तिचं नाव वेगळं पुकारलं जायचं आणि मजुरी तिच्या हातात पडायची. चव्वेचाळीस वर्षं शहरात राहून तिला तो पुकारा आठवत होता.

बायकांची आठवण साठवून ठेवता येते हे याच पुणे जिल्ह्यात सिद्ध झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. आता त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात. भाऊ, माहेर, वाट, दुष्काळ, सगळं त्यांत आहे. मी आजीला बोलतं केलं ते हा संग्रह ऐकवून. तिला वाटायचं, आपल्याला काय सांगण्यासारखं. तिच्याच वयाच्या बाईचा आवाज मोबाइलमधून आला, आणि ती तांदूळ निवडायचे थांबवून बोलायला लागली. फोनवर आवाज टिपून ठेवण्याला आता काही खर्च नाही. मी म्हणेन, आधी आवाज टिपा, कागदांच्या मागे नंतर लागा. तहसीलमधला कागद पुढच्या वर्षीही असेल.

काय लिहायचं नाही हेही ठरवावं लागलं. ज्यांची माहिती आहे ते हयात असतील तर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय एकही ओळ ठेवलेली नाही. दोन घरांतली भांडणं मी काढून टाकली, कारण त्यांची पोरं आता एकमेकांकडे येतात-जातात. एका चुलतआजीचं दुसरं लग्न मात्र ठेवलं. तिच्या लेकाने स्वतः सांगितलं, ठेव, तिने काही लपवलं नव्हतं. कर्जं ठेवली आहेत. दारू ठेवली आहे, नाव न घेता. जात ठेवली आहे, कारण ती काढली तर भाड्याची पहिली खोली का मिळाली नाही ते कळणार नाही.

पुस्तकातली मांडणी पाहून काही नातेवाईक नाराज होतील. वंशावळ पणजोबांपासून सुरू होत नाही, आत्याच्या खोलीपासून सुरू होते. तिथून कोण कोणाच्या आधाराने आलं त्याप्रमाणे फांद्या फुटतात. त्यामुळे आजीचा भाऊ आबांच्या सख्ख्या भावाच्या आधी येतो. लेकी सासरी गेल्यावर थांबत नाहीत, त्यांची घरं पुढे चालू राहतात. प्रत्येक माणसाच्या नावासमोर आईचं नाव आधी आणि बापाचं नंतर आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला आहे. आमच्या घरात त्यानंतर जन्मलेली एक मुलगी आहे आणि तिच्या दाखल्यावर ते नाव आहे. तिच्या मागच्या पाच पिढ्यांतल्या बायकांची नावं आम्हीच लिहायची होती. बाविसांपैकी एकोणीस मिळाली.

भोसरीत आज ज्या खोल्यांतून आम्ही बाहेर पडलो तिथे बिहारची, उत्तर प्रदेशची, यवतमाळ-वाशीमची माणसं राहतात. आमच्या जुन्या खोलीत आता तिघे भाऊ राहतात, त्यांना इथे थोरल्याच्या सासऱ्याने आणलं. पन्नास वर्षांनी त्यांचंही कुणी शोधायला बसेल. त्यांच्यासाठी आणि शेजारच्या घरांसाठी शेवटच्या भागात कोरे तक्ते दिले आहेत. कोणता कागद कुठल्या कचेरीत मिळतो, अर्ज कसा करायचा, तेही दिलं आहे.

या कामात गावच्या शाळेतल्या गुरुजींनी, तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या एका कारकून बाईंनी, उर्दू कागद वाचून देणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी आणि जुन्या घरमालकांच्या सुनेने जी मदत केली ती कर्तव्याच्या पलीकडची होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे नावं छापलेली नाहीत.

न सापडलेल्या तिघींपैकी दोघी फार जुन्या आहेत. तिसरीचं नाव आम्हाला माहीत आहे, घर माहीत नाही, म्हणून मी तिला सापडली असं धरत नाही. ती आबांची धाकटी बहीण. तिच्या सासरचं घर ऊसतोडीला जायचं. ८७ च्या हक्कसोडपत्रात तिचाही अंगठा आहे आणि पत्ता संकेश्वर, तालुका हुक्केरी, जिल्हा बेळगाव असा आहे. त्यानंतरच्या कुठल्याही पत्रिकेत, कुठल्याही आहेराच्या वहीत ती नाही. त्या वर्षी टोळी घेऊन गेलेल्या मुकादमाचा नातू चाकणला एका कंपनीत कामाला आहे असं कळलं आहे. आजोबांच्या उचलीच्या वह्या गावच्या घरात माळ्यावर आहेत, दिवाळीला गावी गेलो की काढतो, असं त्याने कबूल केलं आहे.